चकाकी टिकत नाही म्हणून

ज्येष्ठ वद्य सप्तमीला तुकोबांची पालखी देहूतून निघते. त्याआधी पालखीला आणि चांदीनं मढवलेल्या रथाला उजाळा देण्याचं काम पार पडलेलं असतं. नक्षीच्या खाचाखोचांत बसलेला काळपटपणा काढलेला असतो आणि प्रस्थानाला सगळी चांदी झळाळत असते. मग रथ रस्त्याला लागतो. पाटस मागे पडलं की रोटी घाट, उंडवडी गवळ्याची, बारामती, काटेवाडी, सणसर, बेलवाडीचं रिंगण, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी. दिवस पावसाळ्याचे. चाकांचा चिखल उडतो, बुक्का उधळला जातो, हारांचं पाणी ओघळतं, आणि वाटेतल्या प्रत्येक गावातले हात रथाला लागतात. सराटीत पादुकांना नीरास्नान होऊन सोहळा अकलूजकडे वळतो, तोवर प्रस्थानाची झळाळी तशीच्या तशी राहिलेली नसते, आणि ती राहावी अशी कुणाची अपेक्षाही नसते. पुढच्या वर्षी पुन्हा उजाळा. नारायण महाराजांनी हा पालखी सोहळा १६८५ मध्ये सुरू केला, चांदीचा रथ त्यामानानं अलीकडचा. पण रथ आला त्या दिवसापासून त्याच्यामागे हे न संपणारं काम लागलं. याच वाटेवरच्या बारामती आणि इंदापूर तालुक्यांत खंडेनवमीच्या आसपास वस्तीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये किंवा बंगल्याच्या पार्किंगमध्ये कुणी बुलेटचं इंजिन कव्हर उतरवून वॉटर पेपरनं घासत बसतो, कुणी जुन्या स्कूटरची रिम लख्ख करतो. तिथली चकाकीही पुढच्या पावसाळ्यापर्यंत तग धरत नाही. जी चकाकी जाणारच आहे ती आणायची कशासाठी? हा प्रश्न हौसेचा वाटतो, पण तो धर्मविचाराच्या गाभ्यातला आहे. घासून लख्ख केलेला धातू ही आपल्या तत्त्वज्ञानातली फार जुनी उपमा आहे, आणि तिचा अर्थ आपण बहुधा चुकीचा लावत आलो आहोत, असं माझं म्हणणं आहे.

उपमा आरशाची. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात कामानं ज्ञान कसं झाकलं जातं हे सांगताना धुरानं वेढलेला अग्नी आणि वारेनं वेढलेला गर्भ यांच्या मध्ये मळलेला आरसा येतो. आज हा दाखला वाचताना डोळ्यांसमोर काचेचा आरसा उभा राहतो. ओलं फडकं फिरवलं, धूळ गेली, तोंड दिसलं, काम संपलं. पण गीतेच्या काळी, शंकराचार्यांच्या काळी, ज्ञानदेवांनी शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली तेव्हाही आरसा म्हणजे घासून गुळगुळीत केलेला धातूचा पत्रा. केरळातल्या आरन्मुळा गावात तांबं आणि कथिल यांच्या मिश्रणाचा आरसा आजही हातानं घासून करतात, त्यावरून त्या कष्टांचा अंदाज येतो. असा आरसा नुसता पुसून भागत नसे. तो हवेनंच मंद व्हायचा आणि पुन्हा पुन्हा घासावा लागायचा. म्हणजे ‘मन आरशासारखं स्वच्छ करा’ हे वाक्य ज्यांनी पहिल्यांदा ऐकलं, त्यांना ते झटकून मोकळं होण्याचं काम वाटलं नसेल. आपल्या घरातून तो धातूचा आरसा गेला आणि उपमेतला कष्टाचा भाग विसरला गेला. तो कष्ट आज जिथे जसाच्या तसा उरला आहे, अशा थोड्या जागांत घरच्या शेडमध्ये गाडीचा पार्ट घासणाऱ्याची बसकण येते. म्हणून त्याच्या हातात नेमकं काय घडतं ते आधी नीट बघायला हवं.

अ‍ॅल्युमिनियमचं क्रँककेस कव्हर घ्या. रॉकेलनं तेलकटपणा धुतला की खाली राखाडी, खरबरीत, जागोजागी पांढुरके डाग पडलेला धातू दिसतो. पहिला पेपर २२० नंबरचा. तो पाण्यात भिजवून एकाच दिशेनं चालवायचा. डाग जातात, पण सगळा पृष्ठभाग ओरखड्यांनी भरतो आणि कव्हर आधीपेक्षा वाईट दिसतं. मग ४००चा पेपर, या वेळी आडव्या दिशेनं, म्हणजे आधीचे उभे ओरखडे कुठे शिल्लक आहेत ते कळतं. ते सगळे मावळेपर्यंत पुढचा पेपर हातात घ्यायचा नाही. ८००, १०००, १५००, २०००. दर पायरीला मागच्या पायरीचे ओरखडे घालवायचे आणि त्यांहून बारीक नवे पाडायचे. शेवटी कापडी बफ आणि पॉलिशची वडी, आणि बफ पोचत नाही त्या कोपऱ्यांना बोटाला गुंडाळलेलं फडकं. या टप्प्यावर फडकं काळंकुट्ट होतं. बघणाऱ्याला वाटतं, केवढा मळ निघाला. पण मळ रॉकेलबरोबर केव्हाच गेलेला असतो. फडक्यावरचा काळा रंग मुख्यतः त्या कव्हरच्याच धातूच्या अतिसूक्ष्म कणांचा असतो. आणि ज्याला आपण गुळगुळीत म्हणतो तो पृष्ठभागही ओरखड्यांवाचूनचा नसतो. न्यूटननं १७०४च्या ‘ऑप्टिक्स’मध्ये काचेबद्दल हेच लिहिलं आहे: पॉलिश म्हणजे ओरखडे इतके बारीक करणं की ते दिसेनासे व्हावेत. पुढे जॉर्ज बेल्बी यांनी घासलेल्या धातूचा सर्वांत वरचा थर वाहून पसरतो आणि खळगे भरून काढतो असा सिद्धान्त मांडला, त्यावर बरीच वर्षं वाद झाला. धातूगणिक दोन्ही गोष्टी कमीअधिक घडतात असं धरलं, तरी एक गोष्ट पक्की राहते. प्रकाशाच्या लहरींची लांबी साधारण ०.४ ते ०.७ मायक्रॉन. पृष्ठभागाचे उंचसखल भाग त्याहून पुष्कळ कमी झाले की प्रकाश विखुरत नाही, सरळ परततो, आणि धातू चमकतो.

यातून पहिली गोष्ट निघते ती अशी की चकाकी आत दडलेली नव्हती. कारखान्यातून ओतीव आलेल्या कव्हरला याआधी कधीच आरशासारखा पृष्ठभाग नव्हता. घासणाऱ्यानं धातू झिजवून तो घडवला. चांदीचं काय, असं कुणी विचारेल. चांदी आधी चमकत होती, मग काळवंडली, तेव्हा तिथे तरी उजाळा म्हणजे झाकलेलं उघडं करणंच नव्हे का? तेही पूर्ण खरं नाही. चांदीवरचा काळा थर बाहेरून येऊन बसलेली काजळी नव्हे. हवेतले गंधकाचे वायू चांदीशी संयोग पावून झालेलं ते सिल्व्हर सल्फाइड आहे. त्या काळ्या थरात चांदीचे अणू आहेत. तो घासून काढला की चांदीच थोडी कमी होते. आपण ज्याला मळ म्हणतो त्यात वस्तूचा स्वतःचा अंश असतो, ही बाब ज्यांना शुद्धी म्हणजे परक्याला हाकलून देणं वाटतं त्यांनी जरूर विचारात घ्यावी. मनातला लोभ किंवा मत्सर हाही कुठून तरी उडून आलेला कचरा नसतो. आपलं मन आणि बाहेरचं जग यांच्या संयोगातून तो तयार होतो, आणि तो काढताना मनाचा एक थर द्यावा लागतो. म्हणूनच ते दुखतं.

या उपमेवर सर्वांत काटेकोर चर्चा शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांच्या पहिल्या अध्यायातल्या चौथ्या सूत्राच्या भाष्यात केली आहे. कर्माचं फळ चारच प्रकारचं असू शकतं, असं ते दाखवतात: नवीन निर्माण झालेलं, मिळवलेलं, बदललेलं किंवा संस्कार केलेलं. मोक्ष यांपैकी कशातच बसत नाही. संस्कार दोन तऱ्हांनी होतो, गुण घालून किंवा दोष काढून. मोक्ष ब्रह्मस्वरूप असल्यानं त्यात गुणाची भर पडू शकत नाही आणि ते नित्यशुद्ध असल्यानं दोष काढण्याचा प्रश्नच येत नाही. इथे पूर्वपक्षी आरसा पुढे करतो: घासण्याच्या क्रियेनं आरशाचं तेज प्रकट होतं, तसा आत्म्याचा झाकलेला धर्म संस्कारानं प्रकट होईल. आचार्यांचं उत्तर असं की क्रिया ज्यावर घडते त्याला बदलल्यावाचून राहत नाही. आत्मा क्रियेचा विषय झाला तर तो विकारी आणि म्हणून अनित्य ठरेल. आचार्य दृष्टान्त आत्म्याला लागू पडत नाही म्हणतात, पण दृष्टान्त स्वतः बरोबर आहे की नाही याची चौकशी करत नाहीत. मला ती केलेली आवडली असती, कारण ती त्यांच्याच बाजूनं जाते. आरशाचं तेज दडलेलं नसतं, ते झीज सोसून घडतं आणि घडल्या क्षणापासून ओसरू लागतं. अ‍ॅल्युमिनियमच्या ताज्या पृष्ठभागावर हवा लागताच काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर चढतो. जे घडतं ते जातं, हा वेदान्ताचा नियम शेडमधल्या कव्हरला तंतोतंत लागू आहे. तेव्हा घासणं ही मोक्षाची उपमा होऊ शकत नाही, हे मान्य. पण मग ते कशाची उपमा आहे? व्यर्थ धडपडीची?

उत्तर मीमांसकांकडे आहे, आणि ते आपण फार कमी वेळा विचारतो. त्यांनी कर्मांचे तीन वर्ग केले. काम्य कर्म एखादं फळ हवं असेल त्यानं करायचं. नैमित्तिक कर्म निमित्त आलं की करायचं. नित्य कर्म, संध्या किंवा अग्निहोत्रासारखं, वेळ झाली की करायचं आणि उद्या पुन्हा करायचं. ते कधी एकदाचं करून संपत नाही. काम्य आणि नित्य यांत जैमिनीच्या सूत्रांनी सहाव्या अध्यायात एक फरक केला आहे, तो इथे फार उपयोगी आहे. काम्य कर्म सर्व अंगांसह पूर्ण झालं पाहिजे. एखादं अंग राहिलं तर फळ नाही. नित्य कर्म मात्र यथाशक्ती चालतं. एखादं साहित्य मिळालं नाही, एखादं उपांग राहून गेलं, तरी कर्म झालंच. हे वाचताना असं वाटतं की हा भेद आपण रोज डोळ्यांनी बघतो आणि ओळखत नाही. प्रदर्शनासाठी किंवा गाडी चढ्या भावात विकण्यासाठी केलेलं पॉलिश काम्य असतं. तिथे एक ओरखडा राहिला तर सगळं फुकट, म्हणून तिथे धास्ती असते, बघणाऱ्याच्या नजरेचा धाक असतो. घरच्या शेडमध्ये स्वतःच्या चालत्या गाडीचं केलेलं काम नित्याच्या जातीचं असू शकतं. सिलिंडरच्या पंखांमधल्या फटीत ब्रश पोचला नाही, आज दोनच कव्हरं झाली, पुढच्या रविवारी उरलेलं. कामाला बाध येत नाही. खंडेनवमीला सगळ्या तालुक्यात गाड्या, ट्रॅक्टर, यंत्रं धुऊनपुसून झेंडूचा हार चढतो ते नैमित्तिक. पण ज्यानं वर्षभर काही केलं नाही आणि त्या दिवशी तेवढं पाणी मारलं, त्याची गाडी हारातही ओळखू येते.

माझा मुद्दा एवढाच आहे. धातूला चकाकी आणणं हे शुद्धीचं चित्र नाही, ते नित्यकर्माचं चित्र आहे. आणि धर्मजीवनाचा मोठा भाग, कदाचित सगळाच, या दुसऱ्या चित्रानं अधिक खरा समजतो. योगसूत्रांत शौचाचं जे फळ सांगितलं आहे ते प्रथम वाचताना विचित्र वाटतं: शौच पाळणाऱ्याला स्वतःच्या शरीराबद्दल विरक्ती येते. व्यासभाष्य कारण देतं की माती आणि पाणी लावून धुतलं तरी शरीराची शुद्धी होत नाही, हे त्याला दिसतं. म्हणजे शौचाचा साधक शुद्ध होऊन थांबत नाही. शुद्धी टिकत नाही हे त्याला कळतं आणि तरीही तो शौच सोडत नाही, कारण शौच नियमांत आहे. धुण्याचं फळ स्वच्छता नसून स्वच्छतेच्या स्वभावाचं ज्ञान. काटेवाडीत पालखी येते तेव्हा परीट समाज धोतरांच्या पायघड्या घालतो, आणि मेंढ्या रथाभोवती रिंगण धरतात. ज्यांचा पिढीजात व्यवसाय कपडे स्वच्छ करण्याचा, ते सोहळ्याच्या पायांखाली वस्त्र अंथरतात, ते मळण्यासाठीच. कपडा मळणार हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? वस्त्र धुतलं ते वापरण्यासाठी, रथ उजळला तो रस्त्यावर आणण्यासाठी. चकाकी तिजोरीत ठेवली असती तर ती पुष्कळ काळ टिकली असती आणि तिचा काहीच उपयोग झाला नसता.

याला संतांच्याच बाजूनं मोठा आक्षेप आहे. तुकोबा, एकनाथ आणि त्यांच्याआधीचेही अनेक संत बाहेरच्या शुद्धीवर तुटून पडले. तीर्थात बुड्या मारून आतला मळ जात नाही, टिळे लावून भक्ती येत नाही. ज्या पंथाचा हा कणा, त्याच्या वाटेवर बसून चांदी आणि अ‍ॅल्युमिनियम घासण्याचं माहात्म्य सांगणं शोभतं का? आक्षेप खरा आहे आणि तो हलका करून चालणार नाही. पण संतांनी कशावर टीका केली ते बघितलं पाहिजे. त्यांनी कामावर टीका केली नाही, कामाच्या जागी आलेल्या देखाव्यावर केली. त्याच पंथात नरहरी सोनार आहेत, ज्यांचा दिवस धातू घडवण्यात आणि उजळण्यात जायचा. सेना न्हावी आहेत, ज्यांनी आपल्या धंद्यातला आरसा विवेकाच्या बाजूला नेला. गोरोबा आहेत, सावतोबा आहेत. यांतल्या कुणीही धंदा सोडा आणि मग भक्ती करा असं सांगितलं नाही. आणि चकाकी म्हणजे देखावाच, ही समजूत मुळातच चुकीची आहे. बारामतीच्या एमआयडीसीत भारत फोर्जचा कारखाना आहे, पियाजिओचा आहे, तिथून २०१२ पासून व्हेस्पा रस्त्यावर येते. इंजिनातल्या क्रँकशाफ्टचे जर्नल घासून अतिशय गुळगुळीत करतात, आणि ते गाडीच्या आयुष्यात कुणाच्या नजरेला पडत नाहीत. ती चकाकी तेलाचा थर तुटू नये म्हणून असते. उलट सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर होनिंग करून मुद्दाम तिरकस जाळीदार ओरखडे ठेवतात, कारण तिथे तेल धरून राहायला हवं. ती भिंत काचेसारखी झाली तर इंजिन तेल पिऊ लागतं. कुठे किती घासायचं हे वस्तूचं काम ठरवतं. चकाकीच्या आहारी गेलेला माणूस आणि काळजी घेणारा माणूस यांतला फरक इथेच दिसतो, आणि संतांची टीका पहिल्याला लागू पडते.

दुसरा आक्षेप झिजेचा. दर घासण्यात वस्तू थोडी जाते, मग ही काळजी की हळूहळू केलेला नाश? क्रोमच्या बाबतीत हा आक्षेप अक्षरशः खरा ठरतो. शोभेच्या क्रोमचा थर मायक्रॉनच्या अर्ध्याहून पातळ असतो, खाली निकेल, त्याखाली लोखंड. गंजाचे ठिपके घालवायला त्यावर पॉलिश पेपर फिरवला की थर जातो आणि पुढच्या पावसाळ्यात रिम सगळीच गंजते. पंढरपुरात विठ्ठलाच्या मूर्तीची दूध-दह्याच्या अभिषेकांनी आणि पायांवर टेकलेल्या असंख्य माथ्यांनी झीज झाली, म्हणून पुरातत्त्व विभागाकडून वज्रलेप करावा लागला. भक्तीच्या स्पर्शानं दगड झिजतो तर पॉलिश पेपरनं धातू झिजणारच. पण यातून घासू नये असं निघत नाही, घासणाऱ्यानं झीज हिशेबात धरावी एवढंच निघतं. क्रोमला मऊ फडकं आणि मेणाचं बोट पुरतं. चांदीला खरखरीत पावडर लावण्याचा मोह टाळायचा. जो फक्त फळाकडे बघतो त्याला ही झीज दिसत नाही. ज्याला पुढच्या वर्षीही हेच काम करायचं आहे त्याला ती दिसावीच लागते.

तिसरा आक्षेप मला या सगळ्यांत वजनदार वाटतो. चकाकी कुणाच्या अंगावर काढलेली असते? क्रोमियमच्या प्लेटिंगमध्ये षट्संयुजी क्रोमियम वापरतात, ते कर्करोगकारक आहे. बफिंगच्या छोट्या वर्कशॉपमधला मजूर तोंडाला रुमाल बांधून दिवसभर धातूची धूळ नाकात घेतो. मालकाची गाडी लखलखते आणि घासणाऱ्याची फुप्फुसं भरतात. अशा चकाकीला धर्माचं नाव देणं पाप आहे, असं मी स्पष्ट म्हणेन. पण इथेही मीमांसेचा एक नियम वाट दाखवतो. यज्ञात ठरलेलं द्रव्य मिळालं नाही तर त्याच्या जागी दुसरं चालतं. यजमानाच्या जागी दुसरा माणूस चालत नाही. संध्या दुसऱ्यानं करून आपल्याला पोचत नाही. काळजी ही नित्याच्या जातीची असेल तर ती पैसे टाकून करून घेता येत नाही. घरची शेड इथे महत्त्वाची ठरते. स्वतःच्या हातानं, मास्क लावून, पाणी मारून धूळ बसवत केलेल्या कामात वस्तूची खरी किंमत हाताला कळते: खांदा भरून येतो, बोटांची टोकं सोलतात, एक वीतभर कव्हर संध्याकाळपर्यंत संपत नाही. ज्याला हे कळलं तो दुसऱ्याच्या मजुरीत सहसा घासाघीस करणार नाही.

आता शेवटचा, तत्त्वज्ञानातला आक्षेप. चीनमधल्या बौद्ध परंपरेत सहावे आचार्य म्हणून मानल्या गेलेल्या हुइनेंगची कथा प्रसिद्ध आहे. मठातल्या ज्येष्ठ शिष्यानं मनाला आरसा म्हटलं, तो सतत पुसत राहा म्हटलं. हुइनेंगनं विचारलं की मुळात तिथे काहीच नाही तर धूळ बसणार कशावर? गादी हुइनेंगला मिळाली. आपल्याकडे ‘चांगदेव पासष्टी’तही आरसा आहे, आणि ज्ञानदेवांचा रोख तिथे याच दिशेचा आहे: आरसा असो वा नसो, तोंड आपल्या जागी आहेच. हे शिखरावरचं बोलणं आहे आणि त्याच्या जागी ते खरं आहे. पण हुइनेंग मठात काय करत होता? कथाच सांगते की तो कांडण करत होता, तांदूळ सडत होता, महिनोन्‌महिने. शंकराचार्यांनीही आत्म्याला संस्कार नाकारले, चित्ताला नाकारले नाहीत. नित्यकर्मांनी चित्तशुद्धी होते आणि शुद्ध चित्तात ज्ञान उमटतं, ही त्यांची चढण आहे. घासायची वस्तू चित्त आहे, आणि चित्त हे धातूसारखंच जगाच्या हवेत उघडं आहे. त्यांनी आणखी एक बारीक गोष्ट सांगितली आहे. नित्यकर्म न केल्यानं पाप लागतं असं मीमांसक म्हणतात. आचार्य विचारतात की न करणं म्हणजे अभाव, अभावातून पापासारखी भावरूप वस्तू कशी निपजेल? न करणं ही आधीच्या साचलेल्या दोषाची फक्त खूण आहे. रथाची चांदी बघितली की हे चटकन पटतं. उजाळा दिला नाही म्हणून चांदी काळी पडत नाही, ती हवेतल्या गंधकानं पडते आणि उजाळा देणाऱ्याच्या डोळ्यांदेखतही पडतच असते. काळेपणा दिसला तर एवढंच कळतं की बराच काळ कुणी इकडे फिरकलेलं नाही. या विचारात अपराधाचं ओझं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. वर्षभर शेडमध्ये न गेलेल्या माणसाला प्रायश्चित्त नको, पेपर भिजवायला बादलीभर पाणी हवं.

मग कायमचा लेप का देऊ नये? बाजारात लॅकर मिळतं, सिरॅमिक कोटिंग मिळतं, एकदा लावलं की वर्षानुवर्षं बघायला नको असं विकणारे सांगतात. धर्मातही असा लेप विकणारे नेहमीच होते. एक दीक्षा, एक मंत्र, एक स्नान, की जन्माची चिंता मिटली. लेपाला माझा सरसकट विरोध नाही. किनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेत उघडं अ‍ॅल्युमिनियम ठेवणं शहाणपणाचं नाही, आणि ज्याच्या अंगात घासण्याचं बळ उरलेलं नाही त्यानं लॅकर जरूर मारावं. पण लेपाखाली काय होतं तेही माहीत असावं. रस्त्यावरचा एक खडा उडून लॅकरला बारीक टवका जातो. ओल तिथून आत शिरते आणि पापुद्र्याखाली दोऱ्यासारख्या वेड्यावाकड्या रेषांत गंज पसरत जातो. वरून फडकं फिरवलं तर काही उपयोग होत नाही, कारण फडकं लेपाला लागतं, धातूला नाही. सगळं लॅकर रसायनानं सोलून काढावं लागतं आणि २२०च्या पेपरपासून पुन्हा सुरुवात करावी लागते. पाटसपासून बारामती, इंदापूर करत तोंडले-बोंडलेपर्यंत आता सुमारे १३० किलोमीटरचा रुंद पालखी महामार्ग झाला आहे, त्यावर धूळ कमी उडेल, रथावर चिखलही कमी येईल. हवेतलं गंधक मात्र रस्ता बघून येत नाही, आणि प्रस्थानाआधी देहूत खाचाखोचांतली चांदी पुढच्या ज्येष्ठातही हातानंच घासावी लागेल.